अँटिऑक्सिडंटची कॅप्सूल आणि घरातली विडी

वाचकाचं पत्र

ताई, आम्ही सोलापूरला पूर्व भागात राहतो. यजमान 54 वर्षांचे आहेत, टॉवेलच्या कारखान्यात लूमवर काम करतात. लग्नाआधीपासून विडी ओढतात. गेल्या महिन्यापासून त्यांना खोकला आहे. नात्यातल्या एक वहिनी अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल विकतात. त्याने फुप्फुसातली धूळ साफ होते आणि कॅन्सर होत नाही, असं त्या सांगतात. बाटलीवर बीटा-कॅरोटीन, व्हिटॅमिन ई आणि डाळिंबाचा अर्क असं लिहिलं आहे. महिन्याला 2,400 रुपये जातात. सासूबाईंना शुगर आहे, त्यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि रक्त पातळ ठेवायची वॉरफॅरिनची गोळी चालू आहे. वहिनींनी त्यांनाही याच कॅप्सूल आणि रोज एक ग्लास डाळिंबाचा रस सुरू करायला लावला. पैशाची ओढाताण होते म्हणून मी फळं बंद केली, भाजीही कमी आणते. कॅप्सूल चालू ठेवू का? बंद केल्या तर काही अपाय होईल का? आणि वहिनींना काय सांगू? नातं तोडायचं नाही.
— एक गृहिणी, सोलापूर

उत्तर

ताई, यजमानांच्या कॅप्सूल आजच बंद करा. त्या एकदम सोडल्या तरी काही होत नाही, हळूहळू कमी करत आणायची गरज नाही. सासूबाईंच्याही बंद करायच्या आहेत, पण त्यांच्या डॉक्टरांना आजच फोन करून किंवा दवाखान्यात जाऊन हे कळवा. त्याचं कारण पुढे सांगते. आणि खोकल्यासाठी यजमानांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. पत्रात तुम्ही खोकल्याचं एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला मात्र सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटते.

आपण खाल्लेल्या अन्नातून ऊर्जा काढायला शरीर ऑक्सिजन वापरतं. चूल पेटली की ठिणग्या उडणारच, तसे या कामात काही अस्थिर रेणू तयार होतात. त्यांना मुक्त मूलकं म्हणतात. त्यांच्यात एक इलेक्ट्रॉन कमी असतो, तो ते शेजारच्या पेशीच्या आवरणातून, प्रथिनांतून, अगदी डीएनएमधूनही ओढून घेतात. जो रेणू स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही ओढाओढ थांबवतो, तो अँटिऑक्सिडंट. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, गाजर-पालकातलं कॅरोटीन, डाळिंबातली पॉलिफेनॉल्स ही सगळी त्यातलीच. पण या कामाचा मोठा भार बाहेरून येणाऱ्या पदार्थांवर नसतो. ग्लुटाथायोन, कॅटालेज अशी स्वतःची यंत्रणा शरीर स्वतःच बनवतं. शिवाय मुक्त मूलकं सगळी वाईट असतात असंही नाही. पांढऱ्या पेशी जंतू मारायला तीच वापरतात, आणि व्यायाम केल्यावर स्नायूंना बळकट व्हायचा निरोपही त्यांच्यामार्फत जातो. त्यामुळे जितकी अँटिऑक्सिडंट पोटात जातील तितकं चांगलं, हा हिशेब शरीराला लागू पडत नाही.

वहिनी सांगतात ते पूर्णपणे हवेतून आलेलं नाही. एके काळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनाही तसंच वाटत होतं. हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं भरपूर खाणाऱ्या लोकांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसायचा, आणि त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त सापडायचं. मग तेवढंच काढून गोळीत भरून दिलं तर, असा विचार पुढे आला. तो तपासून बघायला फिनलंडमध्ये 50 ते 69 वयाचे 29,133 पुरुष घेतले गेले, सगळे सिगारेट ओढणारे. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, काहींना व्हिटॅमिन ई, काहींना दोन्ही आणि काहींना नुसती बिनऔषधाची गोळी असं पाच ते आठ वर्षं दिलं. 1994 साली निकाल जाहीर झाला. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त निघाला.

हा योगायोग असेल, असं काहींना वाटलं. तेव्हा अमेरिकेत आणखी एक अभ्यास चालू होता. त्यात सिगारेट ओढणारे, सोडलेले आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेले मिळून 18,314 लोक होते. त्यांच्यातल्या निम्म्यांना बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए दिलं जात होतं. जानेवारी 1996 मध्ये तो अभ्यास मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण गोळ्या घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर 28 टक्क्यांनी आणि मृत्यू 17 टक्क्यांनी जास्त झाले होते. ताई, हे लोक कोण होते ते पुन्हा एकदा वाचा. धूम्रपान करणारे आणि कारखान्याच्या धुळीत काम केलेले. तुमच्या घरात नेमकी अशाच माणसाला ही कॅप्सूल दिली जाते आहे. टॉवेलच्या लूमवरची कापसाची धूळ आणि अ‍ॅस्बेस्टॉस यांत फार फरक आहे, हे मला माहीत आहे. पण विडी ओढणाऱ्याला बीटा-कॅरोटीनची गोळी देऊ नये, एवढं सांगायला विडी एकटी पुरेशी आहे. तुम्ही बाटलीवरची मात्रा लिहिलेली नाही. माझं उत्तर मात्रेवर अवलंबूनही नाही.

व्हिटॅमिन ईची गोष्टही फार वेगळी नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या 35,533 पुरुषांवरच्या अभ्यासात, ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कॅन्सर 17 टक्क्यांनी जास्त असल्याचं 2011 साली दिसून आलं. आजार टाळण्यासाठी म्हणून बीटा-कॅरोटीन आणि ई घेऊ नका, असं अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्याच्या तज्ज्ञगटाने 2022 मध्ये स्पष्टपणे सांगितलं.

आता तुम्ही विचाराल, मग यजमानांना गाजर द्यायचं की नाही? द्यायचं. गाजर, लाल भोपळा, पपई, मेथी, शेवग्याचा पाला सगळं द्यायचं. भाजीतलं कॅरोटीन थोडं थोडं, तंतूंत गुंतलेलं आणि इतर शेकडो द्रव्यांच्या सोबतीनं आतड्यात पोचतं. जेवणातल्या गाजराने अपाय झाल्याचं या अभ्यासांतून दिसलेलं नाही. गोळीत ते एकटं येतं आणि रक्तातली पातळी जेवणातून कधीच जाणार नाही इतकी वर नेतं. विडीच्या धुरात ते स्वतःच बिघडतं आणि त्याचे तुकडे पेशीला उलट त्रास देतात, असं या निकालांचं स्पष्टीकरण बरेच संशोधक देतात. आणि पालेभाज्या खाणारी माणसं निरोगी दिसत होती ती फक्त कॅरोटीनमुळे नव्हे. त्यांचं सगळं ताटच वेगळं होतं, आणि बहुधा राहणीही.

डाळिंबाचं मात्र मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण ते आपल्या जिल्ह्याचं फळ आहे. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे आणि सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. डाळिंब चांगलं आहे, यात मला काहीच शंका नाही. ‘भगवा’ जातीच्या डाळिंबाच्या दाण्यांचा लाल रंग अँथोसायनिनचा असतो, आणि सालीत, आतल्या पांढऱ्या पडद्यांत प्युनिकॅलाजिन नावाचं पॉलिफेनॉल भरपूर असतं. पण हे प्युनिकॅलाजिन जसंच्या तसं रक्तात जात नाही. आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे करून युरोलिथिन बनवतात. प्रत्येकाच्या पोटातले जिवाणू वेगळे असतात, त्यामुळे एकाच फळातून एकाला पुष्कळ मिळतं, दुसऱ्याला जवळपास काहीच नाही. मग बाटलीवर अर्काचे आकडे कितीही मोठे छापले, तरी तुमच्या सासूबाईंच्या शरीरात काय पोचलं ते त्या आकड्यांवरून कळत नाही. खाण्याच्या पदार्थांतली अँटिऑक्सिडंट शक्ती प्रयोगशाळेत मोजून दाखवणारी एक यादी अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केली होती. विक्रेते तिचा गैरवापर करतात आणि त्या आकड्यांचा आरोग्याशी थेट संबंध लागत नाही, म्हणून 2012 मध्ये खात्यानेच ती काढून टाकली. आणि डाळिंबाचा रस हृदयरोग आणि प्रोस्टेट कॅन्सरवर गुणकारी असल्याच्या जाहिराती करणाऱ्या तिथल्या एका मोठ्या कंपनीचे दावे 2013 साली व्यापार आयोगाने फसवे ठरवले. 2015 मध्ये अपील न्यायालयानेही ते फसवेच मानले. डाळिंब फळ म्हणून खाणं वेगळं आणि औषध म्हणून विकणं वेगळं.

सासूबाईंचा रस बंद करा. ग्लासभर रसात साधारण 30 ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा-सात चमचे, आणि चोथा गेल्यामुळे ती झपाट्याने रक्तात चढते. त्यापेक्षा अर्धी वाटी दाणे जेवणासोबत द्या आणि साखर कशी राहते ते तपासत राहा. बाजारात मोठ्या, देखण्या फळाचे पैसे जास्त पडतात. लहान किंवा जरा डाग पडलेलं फळ आतून तितकंच लाल असेल तर खुशाल घ्या.

आता वॉरफॅरिन. जास्त मात्रेत घेतलेलं व्हिटॅमिन ई रक्त आणखी पातळ करू शकतं. वॉरफॅरिन चालू असलेल्या माणसात त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. म्हणून कॅप्सूल बंद केल्यावर आयएनआरची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी कधी करायची, ते डॉक्टरांना विचारा. गोळीचा डोस इतके दिवस कॅप्सूल चालू असताना ठरत आला असेल, तर तो बदलावा लागू शकतो. हिरड्यांतून रक्त येणं, लघवी लाल होणं, काळी शी होणं, कारण नसताना अंगावर निळे डाग उठणं, यांतलं काहीही दिसलं तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि एक नीट लक्षात ठेवा. पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, ते वॉरफॅरिनच्या उलट काम करतं. म्हणून पालेभाजी बंद करायची नाही, पण एक आठवडा अजिबात नाही आणि पुढच्या आठवड्यात रोज वाटीभर, असंही नको. आठवड्यात साधारण सारख्या प्रमाणात द्या. भाजी वाढवायची असेल तर डॉक्टरांना सांगून वाढवा.

महिन्याचे 2,400 म्हणजे दिवसाचे 80 रुपये. ते घेऊन लक्ष्मी मंडईत जा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या सूचना सांगतात की मोठ्या माणसाच्या दिवसभराच्या जेवणात भाज्या साधारण 400 ग्रॅम आणि फळं 100 ग्रॅम असावीत. फळं बंद करून आणि भाजी कमी करून तुम्ही कॅप्सूल घेत होतात, म्हणजे पैसे देऊन घरातली अँटिऑक्सिडंट कमी करत होतात. तुम्हाला दोष देत नाही, ताई. घरातल्या माणसाच्या जिवाच्या काळजीने कोणीही हेच केलं असतं. पण आता ते उलटं करायचं आहे.

पेरूपासून सुरुवात करा. 100 ग्रॅम पेरूत 200 मिलिग्रॅमच्या आसपास व्हिटॅमिन सी असतं. पुरुषाला दिवसाला 80 आणि बाईला 65 मिलिग्रॅम पुरतं. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात सी लवकर संपतं, त्याला रोज 35 मिलिग्रॅम जास्त लागतं. ती तूट एका मध्यम पेरूत भरून निघते आणि वर उरतं. आवळ्याच्या दिवसांत एक आवळा मीठ लावून खाल्ला तरी तेच. पेरू नसेल तेव्हा भाजीवर लिंबू पिळा, ते भाजी खाली उतरवल्यावर पिळा, कारण उष्णतेने सी कमी होतं. मेथी, तांदुळजावर लिंबू पिळल्याने त्यातलं लोहही अंगी लागतं. जेवणाबरोबर चहा मात्र नको. चहात पॉलिफेनॉल्स भरपूर आहेत, पण तीच लोहाला अडवतात. जेवण आणि चहा यांच्यात तासभर जाऊ द्या.

पालेभाजीला आपण शेंगदाण्याचं कूट लावतो, ते सोडू नका. कॅरोटीन तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही, कुटातलं तेल त्याच कामाला येतं. करडईचं तेल आपल्या भागात पूर्वीपासून आहे. एका मोठ्या चमच्यात साधारण साडेचार मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई मिळतं. ई असं जेवणातूनच मिळतं, त्यासाठी कॅप्सूल लागत नाही. टोमॅटो तेलात शिजवला की त्यातलं लायकोपीन नावाचं अँटिऑक्सिडंट कच्च्यापेक्षा जास्त मिळतं. कांदा सोलताना वरचा कोरडा पापुद्राच काढा, क्वेरसेटिन नावाचं अँटिऑक्सिडंट बाहेरच्या थरांत जास्त असतं. शेंगाचटणी कुटताना दाण्यावरची लाल साल सगळी पाखडून टाकू नका, पॉलिफेनॉल्स त्यातच असतात. पावसाळ्यात घोळ, पाथरी, माठ, थंडीत हरभऱ्याचा आणि करडईचा पाला, बोरं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी जांभळं आली की ती. ज्या ऋतूत जे स्वस्त तेच घ्या. भाजी आधी धुवा, मग चिरा, आणि चिरून पाण्यात ठेवू नका. ज्वारीची भाकरी तुमच्या घरी असेलच. कडक भाकरी असो की मऊ, ती तशीच चालू ठेवा.

हळदीच्या कॅप्सूल कोणी सुचवल्या तर त्याही नको. फोडणीतली हळद वेगळी. काढून घट्ट केलेल्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

पण ताई, ही सगळी भाजी-भाकरी एका बाजूला आणि विडी एका बाजूला ठेवली, तर मी आधी विडीचंच बोलेन. एका झुरक्यात अब्जावधी मुक्त मूलकं फुप्फुसात जातात. वर एक कॅप्सूल आणि खाली दिवसाला बंडलभर विडी असेल, तर पेरूनेही ते भरून निघणार नाही. विडी सोडल्यावर साधारण वर्षभरात हृदयविकाराचा धोका ओढणाऱ्याच्या निम्म्यावर येतो, आणि 10 वर्षांत फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका निम्म्याच्या आसपास येतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. 54 हे वय उशीर झाल्याचं नाही. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा क्रमांक 1800-11-2356 आहे, फोन मोफत आहे. तुम्ही लावून त्यांच्या हातात द्या. निकोटीनची तलफ कमी करायला च्युइंगम आणि गोळ्याही असतात, पण त्या डॉक्टरांना विचारून. पहिले काही दिवस चिडचिड होईल, झोप उडेल. त्या दिवसांत त्यांच्याशी घरात वाद घालू नका, विडी हातात दिसली तरी ‘पुन्हा सुरू केलीत ना’ म्हणून पाठ धरू नका. पुन्हा सोडायला सांगा. बऱ्याच माणसांची विडी पहिल्या खेपेला सुटत नाही. आणि घरात कोणी मिश्री लावत असेल तर तीही तंबाखूच आहे, तिच्याबद्दलही याच क्रमांकावर मदत मिळते.

खोकला महिनाभर आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याला थुंकीची टीबीची तपासणी करायची असते. ती सरकारी दवाखान्यात मोफत होते. छातीचा एक्स-रेही होऊ द्या. थुंकीत रक्त, वजन घटणं, रात्री घाम, जिना चढताना दम यांतलं काही असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा, ते विचारतील म्हणून थांबू नका. कारखान्यात लूमवर असताना नाकातोंडावर नीट बसणारा मास्क लावायला सांगा. कापसाची धूळ आत जायची थांबते ती मास्कने, आत गेल्यावर ती धुऊन काढणारी गोळी अजून निघालेली नाही.

वहिनींना काय सांगायचं? ‘डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय’ एवढंच सांगा. ते खरंच आहे, कारण तुम्ही डॉक्टरांना विचारणारच आहात, आणि त्यात त्यांच्यावर ठपका नाही. वहिनींनाही कोणी तरी मीटिंगला बसवून हेच शिकवलं असेल, आणि त्यांना ते मनापासून पटलंही असेल. त्यांना बाटली उलटून वाचायला सांगा. अशा उत्पादनांवर ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापणं आपल्याकडच्या अन्न सुरक्षा नियमांनी सक्तीचं केलं आहे. कॅन्सर होत नाही असं सांगून विकण्याला हे वाक्यच आड येतं. त्यांच्या घरात किंवा ओळखीत कोणी विडी-सिगारेट ओढणारं असेल, तर निदान त्याला बीटा-कॅरोटीनची बाटली देऊ नका, एवढं मात्र त्यांना जरूर सांगा. न उघडलेल्या बाटल्या असतील तर बिलासकट परत देऊन पैसे मागा. दोनदा विचारूनही मिळाले नाहीत तर नात्यासाठी तो विषय सोडून द्या, पण पुढच्या महिन्याची ऑर्डर आजच रद्द करा.